पत्र कधी टाकायचं हे कोण ठरवणार? जहाजी अधिकाऱ्यांच्या युनियनमधलं एक प्रचारपत्र आणि त्यावरचा खटला

कोकणात ज्या घरचा माणूस बोटीवर असतो, त्या घराचं टपालाशी वेगळं नातं असतं. पत्र वेळेवर येतं, पण ज्याच्या नावाचं असतं तो घरी नसतो. घरातलं कुणीतरी ते फडताळात ठेवून देतं. चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी तो येतो आणि एका संध्याकाळी बसून सगळं टपाल फोडतो: बँकेचं, विम्याचं, एखादं लग्नाचं आमंत्रण, ज्यातलं लग्न कधीच लागून गेलेलं असतं.

अशाच माणसांची एक युनियन होती आणि तिच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. मतदान टपालाने. सभासद जगभरच्या समुद्रांवर विखुरलेले. सत्तेवर असलेल्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, विरोधी उमेदवाराला मात्र स्वतःची ओळख पत्रानेच करून द्यायची होती. ते पत्र दोन महिने आधी निघालं तर जहाजावर चढण्याच्या आत माणसाच्या हातात पडेल, उशिरा निघालं तर फडताळात जाईल. युनियनचा नियम सांगत होता की अधिवेशन होईपर्यंत कुणाही उमेदवाराचं पत्र जाणार नाही. उमेदवार म्हणाला, मला आधीच पाठवायचं आहे, खर्च माझा. एवढ्या एका मागणीवरून सुरू झालेला वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याचा निकाल लागला. युनियनच्या निवडणुकीतल्या प्रचारपत्रांचे तंटे कसे सोडवावेत, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. यात कुणी खलनायक नाही. नियमही वरवर पाहता न्याय्य आहे. तरीही तो नियम हरला आणि तो का हरला, हेच इथे नीट पाहायचं आहे.

मागणी आणि नकार

युनियनचं नाव इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ मास्टर्स, मेट्स अँड पायलट्स. व्यापारी जहाजांवरचे कॅप्टन, त्यांच्या हाताखालचे डेकवरचे अधिकारी आणि बंदरात जहाज आत-बाहेर नेणारे पायलट यांची ही संघटना १८८७ पासूनची. मुख्य कार्यालय मेरीलँड राज्यात. उमेदवार होते ब्राऊन, याच संघटनेचे सभासद.

ब्राऊन हे पहिल्यांदाच उभे राहत नव्हते. १९८४ च्या निवडणुकीत ते थोडक्यात हरले होते. युनियनची साधनं त्यांच्याविरुद्ध वापरली गेली, या कारणावरून त्या निवडणुकीत अमेरिकेच्या कामगार खात्याला लक्ष घालावं लागलं. खात्याच्या देखरेखीखाली निवडणूक पुन्हा झाली, तीही ते हरले. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी. १९८८ साली ते पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागणीमागे दोन पराभवांचा अनुभव होता.

त्यांची मागणी साधी होती. सभासदांच्या नाव-पत्त्यांच्या चिठ्ठ्या युनियनने मला देऊ नयेत, टपाल पाठवणाऱ्या एखाद्या संस्थेकडे द्याव्यात, आणि ती संस्था युनियनला मान्य असलेलीच असावी. पत्रं मी छापून देतो. पाकिटं, तिकिटं, मजुरी, सगळा खर्च माझा. पत्ते माझ्या नजरेलाही पडणार नाहीत. फक्त हे अधिवेशनाच्या आधी व्हावं.

युनियनने नकार दिला. कारण असं की अधिवेशनात नावं सुचवली जातात, तिथे ज्यांचं नाव पुढे येतं ते उमेदवार, आणि नियमाप्रमाणे प्रचाराचं टपाल त्यानंतरच. नियम सर्वांना सारखा. सत्तेवरच्या माणसालाही आधी पत्र पाठवता येत नाही, मग विरोधकाला का यावं?

हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला की पटतो. मलाही पटला होता. सगळ्यांसाठी एकच रेषा आखली, तिच्या अलीकडे कुणीच धावायचं नाही, शर्यत तिथून सुरू. यात अन्याय कुठे आहे?

अन्याय धावणाऱ्यांच्या जागेत आहे. सत्तेवरच्या माणसाला अधिवेशनाआधी प्रचाराचं पत्र पाठवायची गरजच पडत नाही. युनियनचं मुखपत्र येत असतं, त्यात त्याचा फोटो असतो, कराराच्या वाटाघाटींत तो काय बोलला ते असतं. पगारवाढीची बातमी त्याच्या सहीने जाते. बंदरातल्या भरतीच्या खोलीत त्याची माणसं बसलेली असतात. हे सगळं प्रचार म्हणून मोजलं जात नाही, कारण तो त्याच्या पदाचा रोजचा कारभार आहे. म्हणजे ‘अधिवेशनाआधी कुणीही पत्र पाठवायचं नाही’ हा नियम लागू होतो दोघांना, पण हात बांधले जातात एकाचेच. त्यात सभासद समुद्रावर असतील तर वेळ हीच त्या एकाची खरी पुंजी असते.

१९५९ च्या कायद्याने टपालाला दिलेली जागा

अमेरिकेत युनियनच्या अंतर्गत निवडणुकांवर कायदा आहे, तो १९५९ चा. लँड्रम आणि ग्रिफिन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने तो ओळखला जातो आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांची त्यावर सप्टेंबर १९५९ मध्ये सही झाली. त्याआधी सिनेटच्या मॅक्लेलन समितीने युनियनमधल्या गैरव्यवहारांची दीर्घ चौकशी केली होती. तरुण रॉबर्ट केनेडी त्या समितीचे मुख्य वकील होते. चौकशीत जे बाहेर आलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: एकदा खुर्चीवर बसलेल्या माणसाला निवडणुकीत हलवणं जवळपास अशक्य, कारण सभासदांची यादी, छापखाना आणि पैसा तिन्ही त्याच्या हाती.

कायद्याने मुदती ठरवल्या. देशव्यापी संघटनेने ५ वर्षांत, स्थानिक शाखेने ३ वर्षांत निवडणूक घ्यायचीच. स्थानिक मतदान गुप्त. युनियनचा किंवा मालकाचा पैसा कुणाच्याही प्रचाराला लावायचा नाही. आणि मग येतं ४०१ क्रमांकाचं कलम, त्यातला ‘क’ हा पोटभाग. त्याचा आशय असा: उमेदवाराने स्वतःच्या खर्चाने आपलं प्रचारसाहित्य टपालाने किंवा अन्य मार्गाने सभासदांना पाठवण्याची विनंती केली, तर अशा सर्व रास्त विनंत्या युनियनने मान्य केल्याच पाहिजेत. सभासदांच्या यादीच्या वापरात कुणा उमेदवाराला झुकतं माप द्यायचं नाही. युनियनने एकाचं साहित्य पाठवलं, तर दुसऱ्या खऱ्या उमेदवाराने मागितल्यास त्याचंही पाठवायचं, खर्चाच्या त्याच अटींवर.

याच पोटभागात यादी पाहण्याचा हक्कही आहे, पण तो आखूड आहे. जिथे करारानुसार नोकरीसाठी युनियनचं सभासदत्व ही अट असते, तिथल्या सभासदांची यादी उमेदवाराला निवडणुकीआधीच्या ३० दिवसांत एकदा पाहता येते. उतरवून घेता येत नाही. आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहता येते, इतकंच.

दोन हक्क एकाच पोटभागात आहेत. यादी पाहण्याला ३० दिवसांची चौकट आहे, पत्र पाठवण्याला अशी कुठलीच चौकट नाही. कायदा लिहिणाऱ्यांना मुदत घालता येत होती, शेजारच्याच वाक्यात त्यांनी ती घातलीही, आणि टपालाला घातली नाही. पुढे खटल्यात या फरकाला वजन आलं.

या पोटभागाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा तेच आहे. निवडणुकीतल्या इतर जवळजवळ सर्व तक्रारींसाठी उमेदवाराला थेट न्यायालयात जाता येत नाही. आधी युनियनच्या आतली दाद संपवायची किंवा ३ महिने निर्णयाची वाट पाहायची. मग महिन्याभरात कामगार खात्याच्या मंत्र्यांकडे तक्रार करायची. खातं चौकशी करून ६० दिवसांत दावा लावणार. निकालावर परिणाम झाला असण्याची शक्यता दिसली तर न्यायालय निवडणूक रद्द करणार. हे सगळं मतदान झाल्यानंतर. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलहून विरुद्ध हार्वी या खटल्यात हा रस्ता पक्का केला. योगायोग असा की तोही खटला जहाजावरच्याच माणसांचा होता, इंजिन रूममधल्या अधिकाऱ्यांच्या युनियनचा. उमेदवारीच्या अटींवर त्यांची तक्रार होती आणि न्यायालयाने त्यांना सांगितलं की निवडणूक होऊ द्या, मग मंत्र्यांकडे जा.

प्रचारपत्रांना मात्र हा नियम लागू नाही. पत्र अडवलं गेलं तर उमेदवार मतदानाच्या आधीच, स्वतःच्या नावावर, संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. इंजिन रूमच्या माणसाला थांबावं लागलं, डेकवरच्या ब्राऊन यांना थांबावं लागलं नाही. न गेलेलं पत्र मतदानानंतर पाठवून काहीच भरून निघत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

खाणकामगारांचा दाखला

उशिरा मिळालेली दाद म्हणजे काय, हे समजण्यासाठी १९६९ कडे जावं लागतं. युनायटेड माइन वर्कर्स ही कोळसा खाणकामगारांची बलाढ्य युनियन. अध्यक्ष टोनी बॉयल. त्यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लोन्स्की यांनी मे १९६९ च्या शेवटी उमेदवारी जाहीर केली. नियमाप्रमाणे त्यांना आधी ५० स्थानिक शाखांकडून नाव सुचवून घ्यायचं होतं. म्हणजे त्यांना पत्र हवं होतं ते नाव सुचवलं जाण्याच्या आधी, कारण ज्यांनी नाव सुचवायचं त्यांनाच ते वाचायला हवं होतं. युनियनने पत्रं पाठवायला नकार दिला. याब्लोन्स्की न्यायालयात गेले आणि पत्रं पाठवण्याचा आदेश मिळवला. रीतसर नाव सुचवलं जाण्याआधीही माणूस खरा उमेदवार असू शकतो, ही गोष्ट तिथून रुजली. पुढे कामगार खात्याच्या नियमावलीतही ती आली.

एक पत्र निघालं, पण बाकीचं पारडं जागचं हललं नाही. युनियनच्या मुखपत्रात बॉयल यांचाच उदोउदो चालू होता आणि त्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागली. मतदानाआधी चौकशी करा, ही विनंती कामगार मंत्र्यांनी मानली नाही. ९ डिसेंबर १९६९ ला मतदान झालं, याब्लोन्स्की हरले. ३१ डिसेंबरला पेनसिल्व्हेनियातल्या राहत्या घरी त्यांचा, पत्नीचा आणि मुलीचा गोळ्या घालून खून झाला. त्या कटासाठी पुढे बॉयल दोषी ठरले. न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली मे १९७२ मध्ये. नव्याने मतदान झालं डिसेंबर १९७२ मध्ये, आणि सुधारणावादी आर्नोल्ड मिलर निवडून आले.

मतदानापासून नव्या मतदानापर्यंत ३ वर्षं गेली आणि मधे तीन जीव गेले. हे टोकाचं उदाहरण आहे. टपालाच्या वादातून खून होतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला दाखवायचाय तो काळ. मतदानानंतरच्या दादेला वर्षं लागतात आणि तोवर हरलेला माणूस त्याच खुर्चीखाली काम करत असतो. ब्राऊन यांनी १९८४ नंतर हा लांबचा रस्ता चालून पाहिला होता. १९८८ मध्ये त्यांनी जवळचा धरला.

तीन न्यायालयं, एक प्रश्न

मेरीलँडच्या जिल्हा न्यायालयाने ब्राऊन यांची विनंती रास्त ठरवली आणि तात्पुरता आदेश दिला. पत्रं अधिवेशनाआधी गेली. ब्राऊन ती निवडणूकही हरले.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. पत्र गेलं, निवडणूक झाली, निकाल लागला, मग खटल्यात उरलं काय? सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं की हा माणूस पूर्वी उभा राहिला आहे, पुन्हा राहण्याचा संभव आहे, आणि युनियनचा नियम जागेवर आहे. तोच प्रसंग पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून प्रश्न जिवंत आहे. निवडणुकांची गती आणि न्यायालयांची गती यांत एवढं अंतर असतं की असं धोरण न धरलं तर या विषयावर वरच्या न्यायालयाचा निकाल कधी आलाच नसता.

चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९८९ मध्ये जिल्हा न्यायालयाचा आदेश कायम केला. युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे वादाचा मुद्दा अगदी टोकदार झाला, आणि त्यात दोन प्रश्नांचा क्रम काय असावा एवढंच उरलं. युनियनचं म्हणणं: आधी आमचा नियम तपासा. नियम रास्त असेल, सर्वांना सारखा असेल, तर त्याविरुद्ध जाणारी विनंती आपोआप गैर ठरते. ब्राऊन यांचं म्हणणं: कायदा नियमाबद्दल बोलतच नाही, तो विनंतीबद्दल बोलतो. विनंती रास्त असली की झालं.

वरवर हा वकिली शब्दच्छल वाटेल, पण सगळा निकाल या क्रमावर फिरतो. नियम आधी तपासला तर युनियनला एवढंच दाखवायचं असतं की नियमामागे काही समजूतदार हेतू आहे. असा हेतू कुठल्याही नियमामागे सापडतो: शिस्त, समानता, कार्यालयावरचा भार. विनंती आधी तपासली तर ओझं उलटतं. या एका पत्राने नेमकं कुणाचं काय बिघडतं, ते युनियनला सांगावं लागतं.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकाल लिहिला आणि न्यायालयात एकमत होतं. पहिला आधार कायद्याच्या शब्दांचा. ‘सर्व रास्त विनंत्या’ असं लिहिलं आहे, आणि ‘रास्त’ हे विशेषण विनंतीला लागलं आहे. दुसरा आधार कायद्याच्या इतर भागांशी तुलनेचा. याच कायद्यात सभासदांचे मतदानाचे, सभेतले हक्क सांगताना ‘युनियनच्या घटनेतल्या रास्त नियमांच्या अधीन’ असे शब्द स्पष्ट घातले आहेत. उमेदवारीच्या पात्रतेबद्दलही युनियनला रास्त अटी घालण्याची मुभा दिली आहे. जिथे युनियनच्या नियमाला मान द्यायचा होता तिथे संसदेने तसं लिहिलं, टपालाच्या पोटभागात लिहिलं नाही. तिसरा आधार हेतूचा. खुर्चीवरच्या माणसाला आपोआप मिळणारा वरचष्मा थोडा तरी कमी व्हावा म्हणून ही तरतूद आहे. मतदानाआधी न्यायालयात जाण्याची खास मुभाही त्यासाठीच. नियमांना पुढे बसवलं तर ज्याच्यापासून संरक्षण द्यायचं तोच संरक्षणाची व्याप्ती ठरवणार.

मग रास्त म्हणजे काय? ब्राऊन यांची विनंती रास्त ठरली, कारण तिने युनियनवर कारभाराचं किंवा पैशाचं ओझं पडत नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्या उमेदवारावर अन्याय होत नव्हता. दुसऱ्यालाही तेव्हाच पत्र पाठवायचं असेल तर त्याने मागावं, त्यालाही मिळेल. समानता पाळायची तर दोघांनाही दार उघडून पाळता येते, त्यासाठी दोघांना रोखायची गरज नाही.

युनियनच्या बाजूने जे खरं आहे

या निकालाने मला समाधान मिळतं, तरी युनियनच्या बाजूचा एक मुद्दा मला हलका वाटत नाही. कामगार संघटना ही सरकारी कचेरी नव्हे. ती सभासदांनी उभी केलेली संस्था आहे आणि आपले नियम आपण करण्याचा तिचा हक्क ही चळवळीची मिळकत आहे. अधिवेशनात प्रतिनिधींनी हात वर करून मंजूर केलेला नियम बाहेरच्या न्यायाधीशाने बाजूला सारला, की पुढच्या वेळी मालकही न्यायाधीशाचं दार ठोठावेल, ही भीती जुनी आहे आणि निराधार नाही.

माझं उत्तर इतकंच: न्यायालयाने इथे युनियनच्या मताला हात लावला नाही. कुणाला निवडायचं, काय धोरण धरायचं, सभासद किती वर्गणी भरणार, यातलं काही ठरवलं नाही. सभासदाला आणखी एक पत्र वाचायला मिळावं, एवढंच ठरवलं. ज्या संघटनेची ताकद सभासदांच्या विश्वासावर आहे, तिने त्या सभासदांच्या वाचनाला घाबरायचं कारण नाही.

पत्त्यांच्या गोपनीयतेचा मुद्दाही खरा आहे. सभासदांची यादी मालकाच्या हाती गेली तर कुणाला कामावरून काढायचं याची तयार यादीच त्याला मिळते. ब्राऊन यांच्या मागणीची रचना म्हणूनच मला आवडते. यादी मागितलीच नाही. युनियनला मान्य असलेल्या टपाल-संस्थेमार्फत पत्रं पाठवा, एवढंच मागितलं. वादातली सगळ्यात मोठी भीती मागणीच्या रूपातच निवली.

असे तंटे टेबलावर कसे मिटतात

निकालानंतरची रोजची गोष्ट न्यायालयात घडत नाही. ती युनियनच्या कार्यालयात, निवडणूक समितीच्या टेबलावर घडते. आणि तिथे तंटे कायद्याच्या तत्त्वावरून कमी, बारीकसारीक तपशिलावरून जास्त होतात.

सगळ्यात जास्त भांडणं मजकुरावरून होतात. विरोधकाचं पत्रक खोटं आहे, बदनामीचं आहे, आम्ही ते आमच्या नावाच्या यादीवर कसं पाठवू? कामगार खात्याची नियमावली याबाबत स्पष्ट आहे: उमेदवाराच्या साहित्याचा मजकूर युनियनला कापता, बदलता किंवा त्यावरून अडवता येत नाही. पाठवण्याची सक्ती कायद्याने आहे, त्यामुळे मजकुराची जबाबदारी लिहिणाऱ्याची. समितीने पाकीट उघडायचंच नाही, हा सर्वांत सुखाचा मार्ग. उमेदवाराने बंद, तिकीट लावलेली पाकिटं टपाल-संस्थेकडे द्यावीत आणि युनियनने पत्त्यांच्या चिठ्ठ्या. दोघांची गाठ तिथेच पडते. समितीला मजकूर ठाऊकच नसेल तर त्यावरून वाद घालायला जागा उरत नाही.

दुसरं भांडण पैशाचं. खर्च उमेदवाराचा हे खरं, पण एकाकडून आगाऊ अनामत आणि दुसऱ्याला उधारी, असं झालं की तोच भेदभाव ठरतो. चिठ्ठ्या काढण्याची मजुरी किती, हे निवडणुकीची नोटीस काढतानाच सगळ्या उमेदवारांना एका कागदावर लिहून द्यावं. हा कागद नसल्यामुळे जितकी भांडणं होतात तितकी मला कुठल्याच एका कारणाने होताना दिसत नाहीत.

विनंती सगळ्या सभासदांसाठी असावी अशीही अट नाही. एखाद्या उमेदवाराला फक्त एका बंदराच्या, एका शाखेच्या सभासदांना पत्र पाठवायचं असेल तर तेही मान्य करायचं असतं, कारण अनेक उमेदवारांच्या खिशाला सगळ्या यादीचा खर्च झेपत नाही. नियमावलीत हे आलेलं आहे आणि ते न्याय्य आहे. गरीब उमेदवाराला निम्मा आवाज तरी मिळतो.

वेळेचा प्रश्न उरतोच, उलट्या बाजूने. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी हजारो पत्रं आणून ठेवणाऱ्या उमेदवाराची विनंती रास्त आहे का? ब्राऊन प्रकरणाची कसोटी इथे युनियनच्या कामी येते. कारभाराचं खरं ओझं दाखवता आलं तर नकार देता येतो. पण ते ओझं दाखवावं लागतं, नियमाकडे बोट दाखवून भागत नाही. शहाणी समिती ‘पत्रं आणून दिल्यावर इतक्या दिवसांत टपालात पडतील’ असं आधीच जाहीर करते आणि ते पाळते. आलेल्या विनंतीची तारीख आणि वेळ लिहून पोच देते. ज्याची आधी आली त्याची आधी जाते.

इमेलमुळे खर्च जवळपास संपला आहे. कायद्यात ‘टपालाने किंवा अन्य मार्गाने’ हे शब्द १९५९ पासून आहेत, त्यामुळे ज्या युनियनकडे सभासदांचे इमेल पत्ते आहेत तिला ही विनंती टाळणं अवघड आहे. समुद्रावरच्या माणसाला आज जहाजावर संदेश मिळतो. पण खुर्चीवरच्या माणसाच्या हाती तीच यादी असते आणि तो रोज संदेश पाठवू शकतो, त्यामुळे तोल जिथे होता तिथेच आहे.

आपल्याकडे

मराठी वाचकाच्या मनात इथे आपला कायदा येणारच. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या सहाव्या कलमात नोंदणीसाठी युनियनच्या नियमांत काय काय असलं पाहिजे ते सांगितलं होतं. त्यात सभासदांची यादी ठेवणं आणि ती पदाधिकाऱ्यांना तसंच सभासदांना पाहता यावी यासाठी पुरेशी सोय करणं हेही होतं. पदाधिकारी कसे नेमायचे आणि काढायचे तेही युनियनच्या नियमांवर सोडलेलं होतं. म्हणजे यादी पाहण्याचा हक्क आपल्याकडे अमेरिकेच्या ३३ वर्षं आधी कागदावर आला, आणि त्याला ३० दिवसांची चौकटही नव्हती. उमेदवाराचं पत्र पाठवण्याचा हक्क मात्र त्यात नव्हता. आपल्याकडे वाद पेटतात ते बहुतेक वेळा कुठली युनियन खरी यावर. एका युनियनच्या आत कुणी कुणाला पत्र पाठवावं, यावर फारसे पेटत नाहीत. मुंबई हे भारतीय खलाशांच्या आणि जहाजी अधिकाऱ्यांच्या संघटनांचं माहेरघर. म्हणून हा खटला इथल्या डेकवरच्या माणसांनी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

ब्राऊन यांचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. ते नंतर याच संघटनेचे अध्यक्ष झाले आणि बरीच वर्षं त्या पदावर होते. त्या काळात मुखपत्रात त्यांचा फोटो होता, करारावर त्यांची सही होती, सभासदांची यादी त्यांच्या कार्यालयात होती. पुढच्या निवडणुकीत कुणी विरोधक अधिवेशनाआधीच पत्राची मागणी घेऊन आला, तर ती नियमाकडे बोट दाखवून परत पाठवण्याची मुभा त्यांच्या कार्यालयाला नव्हती. ती त्यांच्याच नावाच्या खटल्याने गेली होती.